पल्पचं टेबल: शाळेतल्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी या दोन दिवसांचे दोन कार्यक्रम होतात, आणि घाईत दोन्ही अर्धवट राहतात. यंदा सातवीच्या वर्गाला घेऊन दोन्हींचं मिळून एकच काम करायचं ठरवलं.

विषय एका मुलीने दिला. डिसेंबरात तिने विचारलं, "मॅडम, ज्यूसच्या पाकिटावर पल्प लिहून राह्यते. अन् दाताच्या डॉक्टरनं माझ्या आईले सांगितलं का कीड पल्पपर्यंत गेली. दातात बी संत्र्यासारखा गर असते काय?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिथून हे काम सुरू झालं. दुसऱ्या कुठल्या शाळेला करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्च जसेच्या तसे लिहिते आहे.

६ जानेवारी

पहिला दिवस फुकट गेला. मी तक्ता केला: मधोमध 'पल्प', भोवती बाण, बाणांच्या टोकाला अर्थ. मुलांनी तो वहीत उतरवला आणि विषय तिथेच मेला. कोणी एक प्रश्न विचारला नाही. तक्ता काढून टाकला.

नवीन ठराव असा: टेबलावर फक्त वस्तू ठेवायच्या, आणि त्यातली जितकी शक्य तितकी आपल्या हाताने तयार करायची. लेबल सगळ्यात शेवटी.

८ जानेवारी

मुलांना घरी पाठवलं ते शब्द विचारायला नाही, वस्तू दाखवायला. संत्र्याची फोड, भिजवलेली चिंच, पाण्यात विरघळलेला कागद. "याले तुमी काय म्हणता?" एवढंच विचारायचं.

आलेले शब्द: संत्र्याचा, बेलाचा, कवठाचा गर. चिंचेचा कोळ. रस काढल्यावर उरतो तो चोथा. उसाचं चिपाड. कागदाचा लगदा. पायाखाली टमाटर आलं की त्याचा होतो तो चेंदामेंदा. एका मुलाचे मामा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर कामाला आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं की तिथे दगड दळून पाण्यात कालवतात, त्या कालवलेल्यालाही पल्पच म्हणतात. हे मला माहीत नव्हतं.

इंग्रजीत या सगळ्याला एक शब्द चालतो. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'पुल्पा'त आहे, म्हणजे मांसल, मऊ भाग. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव. असं का, याचं उत्तर तेव्हा सापडलं नव्हतं. ते काम करताना सापडलं.

१२ जानेवारी

पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा लगदा, प्रयत्न पहिला. आमच्या भागात वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर ढीग लावतात, नाहीतर पेटवून देतात. तिचा कागद झाला तर मुलांना सगळ्यात जवळचं उदाहरण मिळेल, असं डोक्यात होतं. दोन किलो काड्या अंगठ्याएवढ्या तोडून तीन दिवस भिजवल्या होत्या.

आता चूक. ज्याला हे करायचं आहे त्याने एवढी तरी नोंद वाचावी. कॉस्टिक सोडा मी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात टाकला. चूल पेटलेली होती. सोडा पडताच पाणी फसफसून वर आलं, काळपट फेस चुलीवर सांडला. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हायड्रोजन पेट घेतो. शाळेत शिकवलेलं वाक्य आहे हे, आणि ऐनवेळी मला आठवलं नाही. तांब्यातल्या पाण्याने आधी चुलीतला विस्तव विझवला, मागे सरकले आणि अर्धा तास जवळ गेले नाही. अंगणात होते, घरात नव्हते, म्हणून निभावलं. मुलांना बोलावलं नव्हतं ही दुसरी बरी गोष्ट.

गंजाच्या बुडाला टाचणीएवढी भोकं पडली. गंज सासूबाईंचा होता. नवा आणला, ७५० रुपये.

१५ जानेवारी

स्टीलचं पातेलं, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. चार तास उकळलं. काड्या बाहेरून मऊ झाल्या, आतून आगपेटीच्या काडीसारख्या कडकच राहिल्या. कागद गिरणीत लाकूड बंद भांड्यात दाबाखाली १६०-१७० अंशांवर शिजवतात, तेव्हा तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन सुटतं. उघड्या पातेल्यात पाणी शंभरच्या वर जात नाही. कुकर वापरू का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. अजिबात नाही. बहुतेक कुकर जर्मनचेच असतात, आणि दाबाखालचं कॉस्टिक तोंडावर उडालं तर डोळे जातील.

पऱ्हाटीचा नाद इथे सोडला. आठवडा गेला, पण सोलताना एक गोष्ट हाताला कळली होती: लाकूड हटत नाही, साल मात्र सुतळीसारखी लांब निघते.

१८ जानेवारी

हे मी सहावीतल्या एका मुलाच्या आजीला सांगत होते. त्या म्हणाल्या, "सालच पाह्यजे त अंबाडीची घे ना बाई. पऱ्हाटीच्या मांगं काऊन लागली?"

अंबाडी आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर लावतात. पाल्याची भाजी होते, बोंडांचं आंबट सरबत होतं. पूर्वी उभी काडी कापून जुड्या बांधायच्या, नाल्यात दगडाखाली दाबून पंधरा दिवस सडू द्यायच्या, मग साल सोलून धुवून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. नायलॉनचा दोर आल्यापासून वाख काढणारी घरं कमी झाली. आजींच्या घरी आढ्याला एक जुडी टांगलेली होती. त्यांनी अर्धा किलो वाख दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी त्यांना प्रदर्शनाचा पहिला कागद देईन म्हणून कबूल केलं.

१९ जानेवारी

वाख इंचभर तुकडे करून रात्रभर भिजवला होता. यावेळी कॉस्टिक नाही, धुण्याचा सोडा. अर्धा किलोला १०० ग्रॅम, स्टीलच्या पातेल्यात दोन तास मंद आचेवर. चिमटीत धरून ओढला की तुकडा सहज फाटतो, तेव्हा झाला समजायचं.

मग धुणं. सोडा पूर्ण गेला की नाही हे बघायला मुलांनी हळदीचे कागद केले: हळद पाण्यात कालवून गाळणी-कागदाला लावली आणि वाळवला. सोड्याच्या पाण्यात तो लाल होतो. अकरा पाण्यांनंतर कागद पिवळा राहिला. हे काम मुलांना इतकं आवडलं की धुवायला माणसं कमी पडली नाहीत. शाळेत करायचं तर पऱ्हाटी सोडा, अंबाडीपासून सुरू करा. पूर्ण काम मुलांच्या हातून होतं आणि डोळ्याला धोका कमी. तरी सोड्याचं गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं.

२२ जानेवारी

कुटण्याचा दिवस. घाई म्हणून घरच्या मिक्सरमधून काढायला घेतलं. लांब तंतू पात्याला गुंडाळला गेला आणि तिसऱ्या फेरीत मोटर जळाली. दुरुस्ती ६५० रुपये.

जे थोडं निघालं होतं त्याचा कागद केला. वाळल्यावर हाताने घडी घातली तर तुटला. मिक्सर तंतू कापतो, त्यामुळे एकमेकांत गुंतायला लांबीच उरत नाही. उखळ-मुसळात कुटला की तंतू न तुटता फुलतो, त्याला बारीक केसर येतं आणि वाळताना ते एकमेकांना धरून बसतं. हा फरक सांगून कळत नाही. दोन्ही कागद मुलांच्या हातात दिले आणि फाडून बघायला सांगितलं.

उखळ गावात तीन घरी आहे. एक आजींचंच. रोज शाळा सुटल्यावर आळीपाळीने अर्धा तास, असे पाच दिवस लागले. पाच दिवस वाचवायचा कुठलाही मार्ग मला सापडला नाही.

२७ जानेवारी

साचा. सुताराकडून नऊ बाय बारा इंचांच्या दोन सागवानी चौकटी करून घेतल्या, ३०० रुपये. एकीवर डासांची नायलॉन जाळी ताणून खिळली. ओलं वजन पडताच जाळीला मधे झोळ आला, कागद मधे जाड आणि कडेला झिरझिरीत. पाच कागद वाया. मग तारेची बारीक जाळी आणली, १८० रुपये, आणि खालून आडव्या चार पट्ट्या मारल्या.

कागद जाळीवरून उतरवायला मी जुन्या पॉलिस्टर साडीचे तुकडे घेतले होते. कागद घसरतो, सुरकुततो, उचलत नाही. सुती लुगड्याचे तुकडे घेतले आणि ही अडचण तिथेच मिटली. दाबायला दोन पाट आणि वर सोयाबीनचं भरलेलं पोतं.

१ फेब्रुवारी

एसटीने वर्ध्याला गेले. कागद जाड आणि गाठीगाठीचा येत होता आणि कारण कळत नव्हतं. वर्धा यासाठी, की हातकागदाचा आपल्या भागातला मोठा प्रयत्न तिथेच झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत होते, मगनवाडी हे त्याचं ठिकाण. हातकागद हा संघाच्या उद्योगांपैकी एक. १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय उघडलं. मी त्या आवारात जाऊन आले. पुढच्या वर्षी पूर्ण वर्ग न्यायचा आहे.

अडचण सुटली ती वर्ध्यातच, जुन्या काळी हातकागदावर काम केलेल्या एका गृहस्थांकडे. त्यांनी माझा कागद उजेडाकडे धरला आणि एकच विचारलं, "टबात हात घातला तर लगदा हाताला लागते?" मी हो म्हटलं. "लागला नाही पाह्यजे. पाणीच वाटलं पाह्यजे."

मी लगदा पाण्यात कालवत होते. खरं तर पाण्यात लगदा चिमटीने सोडायचा असतो. तीस लिटरच्या टबाला वाळलेल्या वजनाने जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. साचा बुडवून आडवा वर काढायचा, पाणी गळत असताना एकदा पुढे-मागे आणि एकदा डावीकडे-उजवीकडे हलवायचा, म्हणजे तंतू दोन्ही दिशांना पडतात. पाणी गळून गेल्यावर हलवलं तर कागद फुटतो.

येण्याजाण्याचा खर्च तीनशेच्या आत. सगळ्या कामात सगळ्यात कामाला आलेले पैसे हेच.

३ फेब्रुवारी

अठरा कागद, त्यातले पंधरा चांगले. रंग ताकासारखा. पण पेनाने लिहिलं की शाई पसरते. खळ लागणार.

इथे चिंच परत आली. मुलींनी चिंचेचा कोळ काढून बरणीत भरला होता आणि चिंचोके फेकायला ठेवले होते. ते लोखंडी तव्यात भाजले, लाल टरफल काढलं, आतला पांढरा चिंचोका दळला आणि पाण्यात शिजवून पातळ खळ केली. गोधड्या-कापडांना हीच खळ लावत असत, हे दोन आज्यांनी सांगितलं. कागद खळीत बुडवून पुन्हा वाळवला. शाई थांबली.

एकाच फळाचा कोळ एका बरणीत आणि त्याच फळाच्या बियांची खळ शेजारच्या कागदात. टेबलावर या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या हे तेव्हाच ठरलं.

४ फेब्रुवारी

खळ लावलेले सात कागद दोरीवर होते. शेळ्या आल्या आणि खाऊन गेल्या. खळ म्हणजे पीठच, त्यांचं काही चुकलं नाही. उरलेले वर्गात फळ्याला चिकटवून वाळवले. त्यात एक फायदा कळला: फळ्यावर वाळलेला कागद सपाट राहतो, दोरीवरचा कडांना वळतो.

६ फेब्रुवारी

संत्र्याचा पल्प मागवला आणि चुकीचा आला. दोष माझा. संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात फोन करून "शाळेला थोडा पल्प द्याल का" म्हटलं. मला रसातल्या त्या बारीक गराच्या पेशी हव्या होत्या, बरणीत दिसतील अशा. एका पालकांनी मोटारसायकलवर जाऊन बादली आणली, पेट्रोल १५० रुपये. बादलीत रस काढून उरलेला, सालीसकट पिळलेला चोथा. तिथल्या माणसाच्या बोलण्यात तोही पल्पच होता. मी 'गर' म्हटलं असतं तर गर आला असता.

या बादलीपाशी मला आठ जानेवारीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आपले शब्द वस्तूचा मऊपणा सांगत नाहीत, हाताने काय केलं ते सांगतात. नखाने किंवा चमच्याने उकरून निघतो तो गर. भिजवून, चोळून, गाळून निघतो तो कोळ. पिळून घेतल्यावर मागे राहतो तो चोथा. पाण्यात भिजवून कुटून होतो तो लगदा. मनात नसताना चिरडून होतो तो चेंदा. शब्द ऐकला की पुढच्या माणसाला काम कळतं. माझ्या फोनमधून ते काम गळून गेलं होतं.

चोथा वाया घालवायचा नाही म्हणून थोडा अंबाडीच्या लगद्यात मिसळून बघितला. जाळीवरून पाणी गळेना. संत्र्याच्या सालीत पेक्टिन असतं, जॅम ज्याने घट्ट होतो तेच. ते पाणी धरून बसलं. कागद चार दिवस ओला राहिला, मुंग्या लागल्या, मग बुरशी. उरलेला चोथा ज्यांनी आणला त्यांच्याच गोठ्यात गेला.

१० फेब्रुवारी

गांधीलमाशीचं पोळं. आठवीतल्या दोन मुलांनी पडक्या वाड्याच्या तुळईवरून काढून आणलं, रिकामं होतं. तरी मी रागावले, रिकामं आहे हे खालून कळत नाही. बांबूने दुरूनही कोणी काढू नये.

पण टेबलावरची सगळ्यात मोलाची वस्तू हीच ठरली. गांधीलमाशी जुन्या लाकडाचा पापुद्रा खरवडते, चावून लाळेत कालवते आणि त्या लगद्याचं घर बांधते. वाळलं की तो कागद. फ्रान्सच्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७१९ साली हे बघून लिहिलं की माशी लाकडाचा कागद करते तर माणसानेही करावा. तेव्हा युरोपात कागद चिंध्यांचा होत असे. लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची रीत जर्मनीच्या केलरने १८४४ च्या सुमारास काढली. म्हणजे सव्वाशे वर्षं उत्तर तुळईला लटकत होतं.

मुलांनी पोळ्याचा बोटभर तुकडा पाण्यात भिजवला आणि आमच्या अंबाडीच्या लगद्याशेजारी भिंगाखाली ठेवला. तंतू दोन्हीकडे दिसले. एक मुलगा खूप वेळ तिथून हलला नाही.

१२ फेब्रुवारी

पिवळा पडणारा कागद. गावच्या वाचनालयाच्या पेटीत जुन्या रहस्यकथांच्या पातळ पुस्तिका निघाल्या, पान उलटलं की कोपरा तुटतो. अमेरिकेत फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपलं कथांचं मासिक अशाच स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर काढायला घेतलं. पुढे त्या जातीच्या सगळ्या मासिकांना कागदावरून 'पल्प' नाव पडलं, आणि मग त्यांत छापल्या जाणाऱ्या थरारक कथांनाही. कागदाचं नाव गोष्टीला लागलं. आपल्याकडे तसं झालं नाही, आपण रहस्यकथाच म्हणत राहिलो. माझ्या वडिलांनी अशा पुस्तिका बैलगाडीत बसून वाचल्या आहेत, त्यामुळे 'पल्प' म्हणून त्यांना हलकं ठरवणं मला पटत नाही. लेबलवर फक्त कागदाबद्दल लिहायचं ठरवलं.

प्रयोग सोपा आहे, पैसे शून्य. आजचं वर्तमानपत्र उन्हात ठेवायचं, अर्ध्या भागावर स्टीलची ताटली. चार दिवसांनी ताटली उचलली की गोल पांढरा, बाकीचं पिवळं. घासून केलेल्या लगद्यात लिग्निन राहून जातं आणि उन्हात तेच पिवळं होतं. शेजारी आमचा अंबाडीचा कागद ठेवला होता. तो फारसा बदलला नाही.

या निमित्ताने सांगितलेल्या दोन गोष्टी मुलांनी लक्षात ठेवल्या. विदर्भाच्या सीमेपलीकडच्या नेपानगरला १९५६ मध्ये देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना सुरू झाला, त्यात सलईचं लाकूड आणि बांबू वापरत. सलई आपल्या रानात आहे, मुलं तिचा डिंक ओळखतात. आणि नोटेचा कागद लाकडाचा नसतो, कापसाचा असतो. म्हणूनच खिशात धुतलेली नोट वाचते आणि चिठ्ठीचा लगदा होतो. कापूसवाल्यांच्या मुलांना हे माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं. मलाही उशिरा कळलं होतं.

१६ फेब्रुवारी

दात. ज्या प्रश्नावरून सुरुवात झाली तो दात लगद्याचाच करायचा होता, नारळाएवढा, उभा चिरलेला. वहीच्या रद्दीचा लगदा केला. जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या होत्या, मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं.

पहिला दात भरीव केला. बाहेरून वाळला, आत ओला राहिला, तिसऱ्या दिवशी वास आणि पाचव्या दिवशी मधोमध भेग.

पुन्हा आजी. आमच्याकडे कागदाच्या टोपल्या करायची रीत आहे: कागद भिजवून, मेथ्या घालून उखळात कुटायचा आणि पालथ्या मडक्यावर थापायचा. मेथ्यांनी चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. "एका टायमाले बोटाच्या पेराइतकंबी जाड नाई द्यायचं. वाळलं का दुसरा हात द्यायचा." तसंच केलं. चुरगळलेल्या कागदाचा गोळा आत, वर तीन पातळ थर, प्रत्येक थराला एक दिवस. भेग पडली नाही.

आत पोकळीत लाल-निळी लोकर रक्तवाहिन्यांची आणि पिवळी लोकर मज्जातंतूची. दातातला पल्प म्हणजे हेच: जिवंत, रक्त असलेला, दुखणारा मऊ भाग. मराठीत दंतमज्जा. त्या मुलीने स्वतः लोकर भरली. तिच्या आईचं रूट कॅनाल तोवर झालं होतं. त्यात हाच भाग काढून टाकतात, हे तिने वर्गाला सांगितलं.

२१ फेब्रुवारी

लेबलं. यावर सगळ्यात जास्त वेळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. दंतमज्जा कोणाच्या घरात म्हणतात? कोणाच्याच नाही. मग लेबलवर काय? एका मुलाने 'दाताचा गर' सुचवलं. दुसरी म्हणाली, गर खातात. शेवटी 'दातातला जीव' असं मोठ्या अक्षरात आणि खाली 'दंतमज्जा' लिहिलं. मला ते पुस्तकातल्यापेक्षा चांगलं वाटतं.

खाणीतल्या दगडाच्या पल्पला शब्द मिळाला नाही. कोणी काला म्हटलं, कोणी गारा. मामांना पुन्हा फोन केला. तिथे सगळे पल्पच म्हणतात. तसंच लिहिलं. जिथे काम करणाऱ्यांचा शब्द पल्प आहे तिथे पल्प.

बांबूसाठी रिकामी जागा ठेवली होती, कारण बल्लारपूरच्या कागदाला बांबू लागत आला आणि आमच्या बुरड आळीच्या टोपल्यांनाही बांबूच लागतो. बुरड काकांनी दोन सुपं दिली आणि बांबू किती महाग झाला ते सांगितलं. ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून सुपाला बांधलं.

२७ व २८ फेब्रुवारी

टेबल तीन लागली, एकावर मावलं नाही. पहिल्या दिवशी बायका जास्त आल्या, कोळ आणि टोपलीपाशी थांबल्या आणि मुलांना चुका सांगितल्या. मेथ्या कमी आहेत, कवठ अजून पिकायचं होतं. दुसऱ्या दिवशी शेतकरी आले. अंबाडीच्या कागदापाशी एकच प्रश्न: "पऱ्हाटीचा काऊन नाई केला?" भोकं पडलेल्या गंजाचं बूड मी मुद्दाम ठेवलं होतं. ते दाखवून बारा आणि पंधरा जानेवारीची हकीकत दर वेळी पूर्ण सांगितली. नागपूरला कापसाच्या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्यावर काम झालेलं आहे हेही सांगितलं. काडी बिनकामाची नाही, घरच्या चुलीवर तिचा कागद होत नाही एवढंच.

डेमोसाठी टब बाहेर ठेवला होता. दोन दिवसांत चाळीसेक जणांनी साचा बुडवला. पाण्यात लगदा सारखा टाकत राहावं लागतं, नाहीतर कागद विरळ येतो. त्यासाठी एक मुलगा कायम बसवावा.

पहिला कागद आजींना दिला. त्यांनी तो घडी न घालता छातीशी धरून नेला.

४ मार्च

हिशोब. जर्मनचा गंज ७५०, मिक्सर ६५०, चौकटी ३००, तारेची जाळी १८०, नायलॉन जाळी ६०, कॉस्टिक आणि धुण्याचा सोडा १७०, वर्ध्याचा प्रवास २८०, पेट्रोल १५०, लोकर-भिंग-बरण्या ३१०. एकूण २८५०. त्यातले चौदाशे गंज आणि मिक्सरचे, म्हणजे हे वाचून करणाऱ्याला निम्म्यात जमेल. वेळ आठ आठवडे. थेट अंबाडीपासून सुरू केलं तर पाच पुरे, वाख तयार असेल तर.

तोच अडसर आहे. आजींच्या आढ्यावरची जुडी संपली. शाळेच्या कुंपणाला मृगाचा पाऊस पडला की अंबाडी लावायची आहे, बी त्यांनी पुडीत बांधून दिलंय. सडवायला नाल्याऐवजी सिमेंटची जुनी टाकी बघून ठेवली आहे, कारण नाल्यात सडवलं की पाण्याला घाण येते आणि ते पाणी गुरं पितात. साचा शाळेच्या कपाटात आहे. तालुक्यातल्या कोणत्याही शाळेने न्यावा, तारेच्या जाळीला खालच्या पट्ट्या आहेत ना तेवढं आधी बघून घ्यावं.